पदर उजव्या खांद्यावर

आमच्या मासिकाचं मधलं जोडपान लोक पिना काढून सोडवतात आणि भिंतीला लावतात, याचा मला फार अभिमान होता. सांगलीत एका बँडवाल्याच्या गाळ्यात, विट्याला केस कापायच्या दुकानात, आटपाडीकडच्या एका देवळामागच्या भजनाच्या खोलीत माझी पानं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीत. कुणाला सांगायचे नाही, पण त्या रस्त्यानं गेले की कारण नसताना आत डोकावून यायचे. आता भिंतीवर ते पान दिसलं की माझं डोकं तापतं. एका अंकानं ही वेळ आणली.

मासिक संगीताचं आहे. शास्त्रीय गाणं, भजन, बँड, बेंजो, हलगी, सगळं त्यात येतं. मालक हळदीचे व्यापारी. हौशी माणूस, पैसे घालतो आणि लुडबूड करत नाही. लुडबूड करायला संपादक आहेत. ते कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक, पेटी बरी वाजवतात, भाषण त्याहून बरं करतात. मी त्यांना सर म्हणते, ते मला मॅडम म्हणतात, आणि दोघंही एकमेकांचं ऐकत नाही. पानांची मांडणी मी करते, बरेचदा फोटोही मीच काढते. मधलं जोडपान हे माझं लाडकं. अंकाच्या पोटात जिथं दोन पिना मारलेल्या असतात, तिथला तो एक अखंड कागद. तिथं फोटो या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पसरता येतो. एरवी जाहिरातींच्या गर्दीत अंग चोरून बसणारा फोटो तिथं पाय लांब करून बसतो.

मांडणी करणाऱ्यांचा एक नियम आहे. फोटोतल्या माणसाची नजर पानाच्या आत पाहिजे. तो बाहेर बघत असला की वाचणाराही त्याच्याबरोबर बाहेर जातो आणि पान उलटतो, असं म्हणतात. मग काय करायचं? फोटो उलटवायचा, आरशात दिसतो तसा. संगणकावर एक कळ दाबली की झालं. द्राक्षं विकणाऱ्याचा फोटो उलटवला तर कुणाचं काही बिघडत नाही. पण वाजवणाऱ्याचा उलटवला की तो डावखुरा होतो! हे सरांना मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. ऐकतील तर शपथ. मागं एका मोठ्या तबलावादकाचा फोटो त्यांनी असाच हट्टानं उलटवायला लावला, कारण बुवा पानाबाहेर बघत होते. अंक बाहेर पडला आणि दिवसभर फोन. वर एका कार्यक्रमात भर सभागृहात एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले आणि म्हणाले, "काय हो संपादक, आमचे तबलजी कवापासनं डावरे झाले?" सगळं सभागृह हसलं. सर घामाघूम.

तेव्हापासून सरांनी डग्ग्याचा धसका घेतला. तबला उजव्या हाताखाली आणि डग्गा डाव्या हाताखाली, ही वाजवायची रीत. म्हणजे समोरून फोटो काढला तर डग्गा बघणाऱ्याच्या उजवीकडं दिसणार. सरांनी हे इतकं पाठ करून टाकलं की तबल्याचा फोटो आला की माणसाचा चेहरा नाही, कपडे नाहीत, आधी डग्गा. "मॅडम, डग्गा उजवीकडं आहे ना?" आहे सर. "नक्की?" नक्की सर. मला हसू यायचं. तेव्हा हसू यायचं, हे आता आठवलं तरी डोक्यात तिडीक जाते.

बायकांच्या भजनी मंडळांवर एक अंक काढायचं ठरलं आणि मी तासगावजवळच्या एका गावात फोटो काढायला गेले. बेदाण्याचा हंगाम संपला होता, त्यामुळं तिथल्या बायका सराव करायला बेदाण्याच्या शेडवर बसायच्या. वाळवायच्या जाळ्या रिकाम्या, वारा चांगला, आणि मुख्य म्हणजे घरातलं कुणी चहा मागायला येत नाही. मी पोचले तर मंडळ रंगात आलेलं. पेटीवर एक आजी, टाळ घेऊन दहा-बारा जणी, आणि तबल्यावर एक पस्तिशीची बाई. तिच्या हातांकडं बघून मी कॅमेरा खाली घेतला. तबला तिच्या डाव्या हाताखाली होता. डग्ग्यावर उजवा. आणि वाजवणं कसं, तर लख्ख. बायका गाताना मान खाली घालून गातात, ही मान वर करून वाजवत होती.

गाणं थांबल्यावर मी विचारलं, "तुम्ही डावखुऱ्या?"

"व्हय," ती म्हणाली. "जेवती उजव्यानं, कारण लहानपणी फटकं खाल्लं. लिवती उजव्यानं, त्येच्यापायीबी फटकं खाल्लं. तबला मला कुणी शिकवलाच न्हाई, म्हणून तिथं ह्यो हात वाचला."

बाकीच्या बायका हसल्या. तीही हसली. मी पण हसले, पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

तिचं सासर त्या गावातलं, द्राक्षबागवाल्यांचं. नवरा मिलिटरीत. मुलीच्या शाळेसाठी ती साताऱ्यात खोली घेऊन राहायची आणि भजनाच्या कार्यक्रमाला गावी यायची. मुलगी तिसरीत. तिलाही तबल्याचा नाद, आणि तीही डावखुरी. साताऱ्यात एका गुरुजींच्या वर्गात घातली होती. फोटो काढून झाल्यावर ती मला जाळ्यांच्या पलीकडं बाजूला घेऊन गेली.

"ताई, एक सांगू का? गुरुजी लय चांगलं हायेत. मिलिटरीवाल्याची पोर म्हणून फीसुद्धा धड घेत न्हाईत. पण हात बदल म्हणत्यात. उजव्यानंच वाजवायचा, न्हाईतर येऊ नगंस. पोरगी बदलाय बघती ओ, पण हात वळत न्हाई. आता तबल्याचं नाव काढलं की पोटात दुखतंय म्हणून झोपती."

"मग तुम्ही वाजवून दाखवा की त्यांना."

"म्हणाले, भजनातलं वाजवणं येगळं. ते शास्त्रात बसत न्हाई. समोर बसून ऐकायलाबी तयार न्हाईत." तिनं माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडं बोट केलं. "पण तुमचं मासिक त्यांच्या टेबलावर असतंय. त्यात आल्यालं सगळं खरं, असं त्येंचं. मधल्या पानावर डाव्या हातानं वाजवतानाचा फोटू आला म्हंजे मी नेऊन म्होरं ठेवती. मग पोरीला तिच्या हातानं वाजवू देतील. मोठा फोटू नको मला. हात तेवढं नीट दिसू द्यात."

मी म्हटलं, मोठाच येईल. हातही दिसतील.

आणि मी तसं केलं. मागं रिकाम्या जाळ्यांची साधी भिंत, मध्ये ती, वर केलेली मान, डावा हात तबल्यावर पडायच्या बेतात. पिना तिच्या अंगावर येऊ नयेत म्हणून मी तिला एका पानावर पूर्ण घेतलं आणि दुसऱ्या पानावर टाळवाल्या बायका पसरू दिल्या. नजर आपोआप आतल्या बाजूला येत होती, त्यामुळं सरांच्या त्या नियमाचाही प्रश्न नव्हता. खाली एकच ओळ घातली: 'डावा हात तबल्यावर, उजवा डग्ग्यावर.' बस. लेखात तिची गोष्ट नव्हती, कारण तिनंच सांगितलं होतं की घरातलं काही छापू नका. छापखान्यात सगळं पाठवून दिलं आणि मी आटपाडीला चुलत बहिणीच्या मुलीच्या लग्नाला गेले.

परत आले तेव्हा अंकाचे गठ्ठे ऑफिसात येऊन पडले होते. सर खुर्चीत बसून चहा घेत होते आणि माझ्याकडं बघून असे हसले, जणू माझ्यासाठी पेढेच आणलेत. मी गठ्ठ्यातून एक अंक ओढला आणि मधलं पान उघडलं.

काहीतरी चुकलंय एवढंच आधी कळलं. काय ते कळेना. तीच बाई, त्याच जाळ्या, तीच मान. पण ही बाई कुणीतरी वेगळीच. मग दिसलं. पदर! पदर उजव्या खांद्यावर! मग नाकातली चमकी पाहिली, तीही उजवीकडं. मग हात. उजवा हात तबल्यावर, डावा डग्ग्यावर. टाळवाल्या बायका या पानावरून त्या पानावर गेलेल्या. खालची ओळ वाचली तर तिथं छापलेलं: 'उजवा हात तबल्यावर, डावा डग्ग्यावर.'

"बघितलंत?" सर म्हणाले. "तुमची केवढी मोठी चूक मी शेवटच्या क्षणी धरली, मॅडम! छापखान्यात सहज चक्कर मारली म्हणून बरं. डग्गा डावीकडं! म्हटलं, आता परत सभागृहात बोलणी खायची पाळी. मी उभ्या उभ्या फोटो सरळ करून घेतला."

"आणि ओळ?"

"तुम्ही उलटा फोटो बघून ओळ लिहिलीत, म्हणजे तीही उलटीच होणार की. तीही नीट केली."

माणसानं मूर्खपणा करावा, पण त्यात इतकी शिस्त? "सर," मी म्हटलं, "ती बाई डावखुरी आहे."

"अरे! मग तसं सांगायचं."

"खाली लिहिलं होतं!"

"ते मला चुकून पडलंय असं वाटलं. मी तुम्हाला फोन केला होता, तुम्ही उचलला नाहीत."

एक फोन. लग्नघरात, वाजंत्र्यांच्या आवाजात, पर्समध्ये पडलेल्या मोबाइलवर एक फोन! बाईचा हात फिरवून टाकायला यांना एवढं पुरलं.

"पदर नाही दिसला तुम्हाला?"

"पदराचं काय?"

"उजव्या खांद्यावर आलाय."

सरांनी चष्मा लावून पाहिलं. "गुजराती पद्धतीचा असतो की असा."

"तासगावात? भजनाला?"

"हे बघा," सर ताठ बसून म्हणाले, "बायकांच्या पदराकडं मी बघत बसत नाही."

वा रे सज्जन! डग्गा मात्र डोळे फाडफाडून बघायचा. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. वर्गणीदारांचे अंक तर टपालात पडून गेले होते. सर म्हणाले, पुढच्या महिन्यात शेवटच्या पानावर शुद्धिपत्रात एक ओळ टाकू. वर्गणीच्या चौकटीखाली जागा असते. मी म्हटलं, चुकीचा फोटो दोन पानांवर आणि बरोबर ओळ मुंगीएवढी, हा कुठला न्याय? ते म्हणाले, मॅडम, एवढं काय झालंय? एकाही वाचकाचा फोन आला नाही.

आले की फोन. मला आले, सगळे बायकांचे. "ताई, त्या बाईचा पदर असा का ओ?" पाटणहून एका शिक्षिकेनं विचारलं, "फोटो उलटा झालाय का? चमकी चुकीच्या बाजूला आहे." तबला जाणणाऱ्या पुरुषांपैकी एकालाही काही खटकलं नाही, कारण डग्गा जागच्या जागी होता ना. त्यांची दुनिया सुरळीत चालू होती.

आणि मग साताऱ्याहून तिचा फोन आला. मी भीत होते त्यापेक्षा वाईट.

तिला तोवर अंक मिळालाही नव्हता. तो गुरुजींना आधी मिळाला. त्यांनी वर्गात सगळ्या मुलांसमोर मधलं पान उघडलं आणि तिच्या मुलीपुढं धरलं. बघ, म्हणाले, तुझी आई उजव्या हातानं वाजवते. स्पष्ट छापलंय. तिला जमतं आणि तुला काय धाड भरलीय? मग पिना काढून ते पान पोरीच्या बसायच्या जागेसमोर भिंतीला लावलं, बघून बघून हात सुधारेल म्हणून.

"पोरगी घरी आली, दप्तर टाकलं आणि बोलंना," ती सांगत होती. "जेवली न्हाई. लय येळानं म्हणाली, आई, फोटूला तू उजव्यानं का बसलीस? लाज वाटली व्हय आपल्या हाताची?"

तिला काय सांगू? सांगितलं, सगळं सांगितलं, फोटो कसा उलटवला ते. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मला पटलं ओ ताई. पण पोरीला काय दावू? तिच्या म्होरं भिंतीवर आई उजव्यानंच वाजवतीय." ती रडत नव्हती. ती रागावलीही नव्हती, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. निदान चार शिव्या तरी घालायच्या होत्या मला.

मी मोबाइल ठेवला आणि सरांच्या टेबलापाशी गेले. बोलून उपयोग नव्हता. बोलण्यात सर कुणाला हार जाणार? माझ्याकडं त्यांचा एक फोटो होता. पुढच्या अंकात मासिकाचा वर्धापनदिन, आणि दरवर्षी त्या अंकात संपादकीयावर त्यांचा पेटी वाजवतानाचा फोटो जातो. तो फोटो निवडायला त्यांना आठवडा लागतो. मी संगणकावर तो उघडला, कळ दाबली आणि म्हटलं, "सर, तुमचं पान तयार आहे, बघता का?"

आले. वाकून बघितलं. आणि ताडकन सरळ झाले.

"हे काय! हा उलटा आहे! अहो, मी डाव्या हातानं पेटी वाजवतोय!"

"असं होय?"

"होय काय! खिसा बघा, शर्टाचा खिसा उजवीकडं गेलाय. घड्याळ बघा. भांगसुद्धा..."

"खिसा बरा दिसतो तुम्हाला," मी म्हटलं. "काळजी करू नका सर. खाली ओळ घालते मी. 'डावा हात पट्ट्यांवर, उजवा भात्यावर.' म्हणजे कुणाला शंका नको. आणि लोकांनी हा फोटो भिंतीला लावला, तुमच्या नातवानं विचारलं की आजोबा तुम्ही असे का बसलात, तर सांगा, मॅडमनी सरळ करून घेतला."

सर पडद्याकडं बघत राहिले. मग मी त्यांना साताऱ्याचं सगळं सांगितलं. पोरगी काय म्हणाली तेही. सर खुर्चीत बसले, चष्मा काढून पुसला, पुसलेला परत पुसला. "पुढच्या अंकाचं मधलं पान घ्या," म्हणाले. "माझ्या फोटोचं नंतर बघू." सर माणूस वाईट नाही. हेच तर संतापजनक आहे. वाईट असते तर एकदा भांडून मोकळी झाले असते.

मी पुन्हा तोच फोटो लावला, जसा काढला होता तसा. वर मोठ्या अक्षरात छापलं: 'मागच्या अंकात हा फोटो आम्ही उलटा छापला. ही बाई डाव्या हातानं तबला वाजवते.' सरांनी 'नजरचुकीनं' असा शब्द घालायला पाहिला. मी म्हटलं, नजर चुकली नव्हती सर, नजर फक्त डग्ग्यावर होती. तो शब्द गळला.

अंक हातात आला त्या दिवशी टपालावर न सोडता मी एसटीनं साताऱ्याला गेले. स्टँडवर ती आणि तिची मुलगी न्यायला आल्या होत्या. मुलगी बारकी, दोन वेण्या, माझ्याकडं बघेना. मी तिला अंक दिला. तिनं रस्त्यातच मधलं पान उघडलं, बराच वेळ बघितलं आणि मिटवून छातीशी धरलं. तिथून आम्ही थेट गुरुजींच्या वर्गावर गेलो.

गुरुजी साठीच्या पुढचे, पांढरा झब्बा, बोलायला मऊ. मला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. भिंतीवर ते आधीचं पान चारी कोपऱ्यांना पिना टोचून लावलेलं होतं. मी त्यांच्या पुढ्यात नवा अंक उघडून ठेवला. त्यांनी वरची ओळ वाचली, फोटो बघितला, मान वळवून भिंतीवरचा बघितला, परत हा बघितला.

"हा उलटा छापलाय," ते म्हणाले.

"नाही गुरुजी, तो उलटा आहे. हा बरोबर."

"संपादकांचं काही खरं नाही. गेल्या महिन्यात एक म्हणतात, या महिन्यात एक. तो बरोबर दिसतो बघा, बैठक कशी शास्त्रशुद्ध आहे."

मी आ वासून बघत राहिले. अहो, बाई समोर उभी आहे! जिचा फोटो आहे ती तुमच्यापासून चार हातांवर चप्पल काढून उभी आहे, आणि तुम्ही दोन कागद घेऊन ती खरी कोणती याचा निवाडा करताय? मी हे बोलणार तेवढ्यात ती स्वतःच पुढं झाली. कुणाला न विचारता तबल्याच्या एका जोडीपुढं बसली, डग्गा उचलून उजवीकडं ठेवला, तबला डावीकडं घेतला, पदर खोचला आणि वाजवायला लागली. वर्गातली मुलं हात थांबवून बघायला लागली. तिची मुलगी दारातच उभी होती, ती एक पाऊल आत आली. आईनं वाजवलं तेही छान वाजवलं, पण मी हातांपेक्षा गुरुजींकडं बघत होते. ते कागदाकडं बघत होते.

ती थांबल्यावर ते म्हणाले, "हात गोड आहे तुझा, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या वर्गात ही बैठक चालायची नाही. तबला हे देवाचं काम आहे, बाई. देवाच्या कामाला डावा हात लावत नाहीत."

"मग डग्गा कुठल्या हातानं वाजवता तुम्ही?" माझ्या तोंडून निघालंच. "जन्मभर डावा हात डग्ग्यावर ठेवून बसलात, तेव्हा देव कुठं गेला होता?"

मागं दोन-तीन मुलं फिसकन हसली. गुरुजींनी डोळे वटारले तशी गप्प झाली. "वाद नको," ते म्हणाले. "वर्ग माझा आहे. पोरीनं हात बदलावा, नाहीतर तुमची वाट तुम्हाला मोकळी." हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाला पुराव्याची गरज कधीच नव्हती. फोटो सरळ छापला असता तरी तो उलटाच ठरला असता. आमच्या सरांनी काय केलं, तर त्यांच्या हातात एक आयता कागद दिला. आणि त्या कागदापायी एका पोरीनं इतके दिवस आईला खोटी समजून काढले. याचा राग मी कुणावर काढू?

ती उठली. डग्गा आणि तबला उचलून पहिल्यासारखे ठेवले, गुरुजींना वाकून नमस्कार केला. मला तो नमस्कारही सहन झाला नाही. "चल गं," ती मुलीला म्हणाली.

मुलगी दाराकडं न येता आत गेली. आपल्या बसायच्या जागेपर्यंत गेली, तिथली चटई ओढून भिंतीशी घेतली, तिच्यावर कोपऱ्यातला रिकामा खोका उलटा ठेवला आणि वर चढली. कुणाला काही कळायच्या आत तिनं भिंतीवरच्या पानाच्या पिना एकेक करून काढल्या. डाव्या हातानं. गुरुजी म्हणाले, "ए, ते राहू दे." तिनं ऐकलं नाही. पान सुटलं तशी ती खाली उतरली.

"ही आमची आई न्हाई," ती गुरुजींना म्हणाली. "आमची आई पदर ह्या खांद्यावर घेती." आणि स्वतःच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून दाखवला.

मग माझ्यापाशी येऊन तिनं ते पान माझ्या हातात दिलं, ज्याचं त्याला परत द्यावं तसं. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात मांडणी करणारी म्हणून माझं नाव होतं. ते तिनं वाचलं होतं की नाही कोण जाणे. मी पान घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि त्या दोघींच्या मागोमाग जिना उतरले.